गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: जुन्या डिझेल एसयूव्हीचा क्रँक सेन्सर घरीच बदलला त्याची पूर्ण गोष्ट

मागच्या मे महिन्यात धुळ्याहून फैजपूरला परत येत होतो, दुपारचे अडीच वाजलेले, पारोळा सोडलं आणि एरंडोल यायच्या आधीच गाडी चालता चालता गप्प. धक्का नाही, धूर नाही, आवाज नाही, जशी काही कुणी किल्लीच फिरवली. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दोनदा लागला आणि तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं, कशीबशी बाजूला घेतली. सेल्फ मारला तर इंजिन मस्त फिरतंय पण पकडत नाही. एक मोटरसायकलवाले बाबा थांबले, "काय व्हयनं भाऊ, डिझेल सरी गयं का?" अर्धी टाकी डिझेल होतं राव. निंबाखाली अर्धा तास बसलो, होतं तेवढं पाणी पिऊन संपवलं, सहज किल्ली फिरवली तर पहिल्या सेल्फला चालू! पुढे भुसावळपर्यंत काही नाही आणि घराच्या अलीकडे परत तेच.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही जुन्या कॉमनरेल डिझेलला होऊ शकतं, पेट्रोललाही होतं. माझी २००९ ची आहे, दोन लाख किलोमीटरच्या वर पळालेली. गॅरेजला दिली तर त्यांनी आधी डिझेल फिल्टर बदलला, मग म्हणाले पंप काढून पाठवावा लागेल. क्रँक सेन्सर बघा म्हटलं तर सकाळी दहा वाजता, रात्रभर उभ्या असलेल्या थंडगार गाडीचा सेन्सर मोजला आणि "ओके आहे दादा" म्हणून मोकळे. इथेच सगळी गडबड आहे. हा सेन्सर गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो, म्हणून तो गरम असतानाच मोजायचा. गाडी थंड असताना मोजून तो कधीच पकडला जाणार नाही.

हा सेन्सर करतो काय

क्रँकशाफ्टसोबत, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यासोबत, एक दातेरी चाक फिरतं, बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर त्या दातांपासून साधारण एक मिलिमीटरवर बसलेला असतो, दात समोरून गेला की त्याच्या कॉइलमध्ये छोटा करंट तयार होतो. एक दात म्हणजे ६ अंश, आणि गाळलेल्या दोन दातांची मोकळी जागा आली की इसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं की क्रँक आत्ता कुठे आहे. त्या हिशोबाने तो इंजेक्टर (डिझेल फवारणारे नोझल) उघडतो. सिग्नल गेला की पिस्टन कुठे आहे हेच त्याला कळत नाही, मग तो डिझेल सोडणंच बंद करतो. म्हणून गाडी आचके देत नाही, एकदम बंद होते. फिल्टर चोकअप असेल तर गाडी आधी पिकअप सोडते, ओढत नाही, आचके खाते, तो फरक लक्षात ठेवा.

आता कॉइलची तांब्याची तार असते केसासारखी बारीक. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ती आत कुठेतरी तुटते, पण तुटलेली टोकं थंड असताना एकमेकांना टेकलेली असतात. गरम झालं की सगळं फुगतं आणि टोकं सुटतात. आपल्याकडे मे मध्ये सावलीतच ४४-४५ असतं, बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. म्हणून हिवाळाभर गाडी गुपचूप चालते आणि उन्हाळ्यात नाटकं सुरू करते.

सामान आणायच्या आधी खात्री करा

पहिली टेस्ट फुकटची आहे. गाडी बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरत असताना काटा थोडा तरी हलतो, कारण इंजिन दोनशेच्या आसपास आरपीएमने फिरत असतं. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून असेल तर संशय क्रँक सेन्सरवर. काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, म्हणून गाडी चांगली असताना एकदा बघून ठेवलेलं बरं.

दुसरं म्हणजे स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३३६ म्हणजे सिग्नल येतोय पण गडबड येतोय, पी०३४० म्हणजे कॅम सेन्सर, तो वेगळा. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथवालं स्कॅनर जुन्या गाडीला लागेलच असं नाही, आपल्याकडे ओबीडी-२ ची (सगळ्या गाड्यांना स्कॅनरसाठी एकच ठरलेली पद्धत) सक्ती २०१३ मध्ये आली, त्याआधीच्या कित्येक गाड्यांना सोळा पिनचं सॉकेट असतं पण भाषा कंपनीची स्वतःची. माझ्या गाडीला नाहीच लागलं. चेक लाईटही लागली नव्हती, त्यामुळे लाईट नाही म्हणजे सेन्सर ठीक असं समजू नका.

तिसरी टेस्ट खरी, मल्टीमीटरची. माझ्या गाडीत सेन्सर बेलहाउसिंगवर आहे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खाली, पण त्याला हातभर वायर आहे आणि कपलर (वायर जोडायचा प्लग) वर इंजिनच्या मागे येतो, त्यामुळे मोजायला खाली झोपावं लागलं नाही. काही गाड्यांत तो पुढे क्रँक पुलीजवळ असतो. सकाळी थंड गाडीत कपलर काढून सेन्सरच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजले, ८९० आले. या जातीच्या सेन्सरला काहीशे ते हजार-बाराशे ओहम येतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मग दुपारी बॉनेट लावून, एसी चालू ठेवून गाडी खळ्यात उन्हात आयडलवर सोडली. चाळीस मिनिटांनी झाली बंद. लगेच पळत जाऊन कपलर काढला (हात भाजला, हातमोजे घाला), मीटरवर ओएल! म्हणजे तार ओपन, आत तुटलेली. वीस मिनिटांनी परत मोजलं तर १,०१० आणि गाडी चालू. इथे एक समजून घ्या, गरम झाल्यावर ओहम थोडे वाढणारच, तांब्याचे ओहम दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतात, म्हणून ८९० चे हजार-अकराशे होणं हा फॉल्ट नाही. ओएल येणं किंवा आकडा नाचणं हा फॉल्ट.

सेन्सरची एकेक पिन आणि इंजिनची बॉडी यांच्यातही मोजा, तिथे मात्र काहीच यायला नको. आकडा आला तर आतलं इन्सुलेशन गेलंय.

आणि हो, सगळ्या सेन्सरना ओहम लावून मोजायचं नसतं. हॉल टाइपचा सेन्सर असेल तर आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला कपलर लावून, इग्निशन ऑन करून सप्लाय मोजतात, एका वायरवर बहुतेक ५ व्होल्ट, एक अर्थ आणि एक सिग्नल. तीन पिना दिसल्या की हॉल असंही नाही, कॉइलवाल्या सेन्सरलाही तिसरी पिन शील्डची असू शकते. म्हणून पार्ट नंबरवरून जात ओळखा, मग मीटर लावा.

पार्ट आणणं

जुन्या सेन्सरवरचा नंबर मोबाइलने फोटो काढून घ्या, नाहीतर चेसिस नंबर घेऊन जा. "भाऊ अमुक गाडीचा क्रँक सेन्सर द्या" एवढ्यावर घेऊ नका, एकाच गाडीत वर्षानुसार इंजिन बदललेलं असतं. मी जळगावला गेलो, एका दुकानात चारशेला मिळत होता, डब्बा छान, नंबर छापलेलाच नाही. दुसरीकडे तेराशे पडले, पण त्यावर नंबर कोरलेला आणि बिल पण. स्वस्तातला घेऊन दोन महिन्यांनी परत गाडीखाली झोपायची माझी तयारी नव्हती. दुकानातच जुना-नवा शेजारी ठेवून टोकाची लांबी, बोल्टच्या भोकाची जागा, वायरची लांबी आणि कपलरच्या खाचा बघायच्या. जुना अजून गाडीत असेल तर निदान परत घेणार का ते विचारून ठेवा. टोक दोन मिलिमीटर लांब निघालं तर दातेरी चाकाला घासून नवा सेन्सर पहिल्या सेल्फलाच मरतो.

हत्यारं फार नाही. १० नंबरचा पाना आणि गोटी म्हणजे सॉकेट (काही गाड्यांत ८ किंवा ॲलन की लागते), छोटं रॅचेट, एक लांब एक्स्टेन्शन, गंज सोडवायचा स्प्रे, जुना टूथब्रश, कापड, डोक्याला लावायची बॅटरी, केबल टाय आणि मल्टीमीटर. चुंबकाची कांडी असेल तर उत्तम, पडलेला बोल्ट काढायला तिच्यासारखं काही नाही.

काम सुरू

मोजायला गाडी गरम लागते पण खोलायला थंड, यात गल्लत करू नका. आदल्या रात्री उभी करून ठेवा आणि सकाळी सहाला सुरू करा, आठनंतर मे महिन्यात गाडीखाली कोणी झोपू शकत नाही.

सपाट जमीन, हँडब्रेक, गिअरमध्ये, चारही चाकांना दगड, किल्ली खिशात. घरात पोरं असतील तर किल्ली खिशातच, परत सांगतो. जुन्या एसयूव्हीचा एक फायदा असा की खाली जागा भरपूर असते, मी जॅक लावलाच नाही, केळीच्या खोक्यांचे दोन पुठ्ठे अंथरले आणि सरकत गेलो. पोटाने थोडा विरोध केला पण गेलो. तुम्हाला उचलावीच लागली तर स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, विटांवर तर अजिबातच नाही, वीट फुटते.

बॅटरीचा मायनस काढा, मायनस आधी. सेल्फ मोटरची जाड वायर तिथेच जवळ असते, पाना लागला तर ठिणग्या उडतात. आणि डिझेलच्या स्टीलच्या पायपांना हात लावायचा नाही, कॉमनरेलमध्ये हजार बारच्याही वर प्रेशर जातं, आपलं काम तिथे नाहीच.

आता सगळ्यात कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम, सफाई. माझ्या बेलहाउसिंगवर शेतातल्या काळ्या मातीचा बोटभर थर होता, त्यात जुनं ऑइल मुरून डांबर झालेलं. ते ब्रशने आणि हवेने आधी पूर्ण काढा. सेन्सर काढला की उघडं भोक आत जातं, आजूबाजूची माती त्यातून आत पडली तर आपणच नवीन दुखणं विकत घेतलं. चष्मा घाला, माझ्या डोळ्यात गेली म्हणून सांगतोय.

मग कपलर. त्याला लॉक असतं, दाबायचं किंवा सरकवायचं, आणि कपलरचं अंग धरून ओढायचं, वायर धरून नाही. पंधरा वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. निघालं की आत बघा, पिना हिरव्या झाल्यात का, ऑइल शिरलंय का. वायर कुठून कशी गेली आहे त्याचे दोन-तीन फोटो काढा, लक्षात राहील असं वाटतं पण राहत नाही.

बोल्ट बहुतेक एकच असतो. स्प्रे मारून पंधरा मिनिटं चहा प्या. मग गोटी पूर्ण बसवून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं थोडं थोडं. सहा मिलिमीटरचा बोल्ट आहे, जोर केला की मुंडी हातात.

बोल्ट निघाला म्हणजे सेन्सर निघाला असं नाही. माझा नाही निघाला. ओ-रिंग (रबराची गोल रिंग) कडक होऊन चिकटलेली असते. इथे लोक काय करतात, पेचकस घालून उचकटतात, प्लास्टिकचं डोकं तुटतं आणि टोक आतच राहतं, मग मात्र गॅरेजशिवाय पर्याय नाही. ओढायचं नाही, फिरवायचं. बोल्टच्या कानाला धरून डावी-उजवी, डावी-उजवी, परत स्प्रे, परत फिरवा. माझी पंचवीस मिनिटं गेली, शिव्याही गेल्या, मग एकदम "पुक्क" करून हातात आला. खाली एखादी पातळ वॉशर किंवा शिम निघाली तर सांभाळून ठेवा, ती गॅपसाठी असते आणि परत लागते.

निघालेल्या सेन्सरचं टोक नीट बघा. चुंबक असतं, त्यामुळे बारीक लोखंडी कीस चिकटलेला असतो, थोडा असेल तर चालतं. जास्त असेल किंवा टोक घासलेलं असेल तर दातेरी चाकात नाहीतर क्लचकडे भानगड आहे, तिकडे लक्ष द्या. बॅटरी मारून भोकातून चाकाचे दात दिसतात तेवढे बघा, तुटलेला दात असेल तर नवीन सेन्सर घालूनही काही होणार नाही.

नवा बसवताना

भोकाची कड कापडाने पुसा, आत काही पडू देऊ नका. नव्या ओ-रिंगला बोटाने इंजिन ऑइलचा एक थेंब, ग्रीस थापायचं नाही. बसवण्याआधी नव्याचे ओहम मोजून एका कागदावर लिहून ठेवा, पुढे कामाला येतं. मग हाताने सरळ दाबत, किंचित फिरवत बसवा. हातोडी जवळसुद्धा नको. पूर्ण टेकला की मगच बोल्ट, बोल्टने ओढून सेन्सर बसवायचा नाही, कान तुटतो. टॉर्क साधारण ८ ते १० न्यूटन मीटर, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये जो असेल तो खरा, टॉर्क रेंच नसेल तर छोट्या रॅचेटला दोन बोटांनी येईल तेवढं, मनगट लावायचं नाही.

वायर जुन्याच वाटेने न्या. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून लांब, आणि जुन्या क्लिपा तुटल्या असतील तर केबल टाय. थोडी ढील ठेवा, इंजिन हलतं. कपलर "टक" आवाज होईपर्यंत दाबा, आवाज आला नाही म्हणजे बसला नाही. बॅटरीचा मायनस शेवटी.

इग्निशन ऑन करून दहा सेकंद थांबा, मग सेल्फ. माझी पहिल्यालाच लागली. काही मॉडेलला, जास्त करून पेट्रोलला, नवा सेन्सर स्कॅनरने शिकवावा लागतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. कोड पडलेला असेल तर तो क्लिअर करून घ्या.

लगेच खुश होऊ नका, थंड गाडी तर आधीही चालू होत होती! टेस्ट दुपारीच करायची. मी परत तसंच बॉनेट लावून एसीवर तासभर उभी ठेवली, नंतर सातपुड्यात पाल गावाकडे चढणाऱ्या रस्त्याला घेऊन गेलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रगडली, वर थांबवून पाच मिनिटांनी परत चालू केली. असं चार-पाच वेळा गरम गाडी बंद-चालू केली. टेस्टला जाताना सोबत पाणी आणि एक माणूस असू द्या, आणि मध्येच बंद पडली तर घाबरून किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. ब्रेकची मदत इंजिन बंद झाल्यावर एक-दोन वेळाच मिळते, म्हणून पंप न करता एकदाच दाबून धरायचा आणि बाजूला घ्यायची.

तरीही बंद पडली तर

मग वायरिंग. कपलरपासून इसीएमपर्यंत एकेक वायरची कंटिन्युइटी मोजा, म्हणजे वायर सलग आहे का ते बघा, मोजताना बॅटरी काढलेली आणि इसीएमचा कपलर सुटा. मोजता मोजता वायर हलवा, आकडा उडाला तर तिथेच तुटलंय. घराजवळ धान्य भरलेलं असेल तर उंदीर असतातच, आमच्या शेजारच्यांच्या ट्रॅक्टरची अख्खी वायरिंग खाल्ली होती. इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टीही बघा, गंजलेली असेल तर काढून घासून लावा. कॉइलवाल्या सेन्सरला आणखी एक टेस्ट म्हणजे मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांवर सेल्फ मारताना बघणं, अर्धा व्होल्टच्या आसपास किंवा जास्त आलं तर सेन्सर काम करतोय. एवढं सगळं बरोबर असेल तर मग कॅम सेन्सर, रिले आणि डिझेलची लाइन, आणि तेव्हा पंपवाल्याकडे जायला हरकत नाही.

जुना सेन्सर मी फेकला नाही. गॅरेजवाल्याने ओके सांगितला होता ना, म्हणून रविवारी त्याला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वायर बाहेर ठेवून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि गॅस लावला, मीटर जोडलेलंच. ८९० पासून आकडा हळूहळू चढत गेला, ९५०, १,०००, १,०४०, १,०६० आणि एकदम ओएल. पाणी अजून उकळलंही नव्हतं. गॅस बंद केला, पाणी निवलं, परत हजारच्या खाली. तीनदा केलं, तीनदा तेच. आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "ते पातेलं आता तुझ्या गाडीतच ठेव, माझ्या स्वयंपाकघरात परत आणू नको."